दिमोनाहून कोतेलपर्यंत : माझ्या मुलाचा बार मित्झवा करून देणाऱ्या संस्थेविषयी

ठाण्याहून वहिनीचा फोन आला होता. तिच्या माहेरचं एक कुटुंब इस्राएलमध्ये अश्दोदला असतं, घरातला कर्ता माणूस गेल्या वर्षी गेला आणि मोठा मुलगा आता बारा पुरे करतोय. तिनं विचारलं, "तुम्ही ज्यांच्याकडून दादाचा बार मित्झवा करून घेतलात ते लोक नक्की काय काय करतात गं? नुसते फोटो काढतात नि जेवायला घालतात, की आणखी काही?" तिला तासभर सांगितलं. फोन ठेवल्यावर वाटलं, हे नीट लिहूनच काढावं. आपल्यातल्या कितीतरी बायका इस्राएलमध्ये एकट्या मुलं वाढवतायत, आणि मराठीत ही माहिती कुणी देत नाही.

आधी निकाल सांगते. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कुठं कापला तेही सांगेन.

संस्थेचं नाव इथं घालत नाही. वडील गेलेल्या मुलांचे बार मित्झवा करून देणारी, आम्ही राहतो त्या दिमोनाजवळच्या बेअर शेवातली लहानशी संस्था आहे, आणि नाव कुठं छापू नका अशी त्यांची स्वतःचीच विनंती आहे. हिब्रूत मतान बसेतेर म्हणतात, म्हणजे आपलं गुप्तदान. ज्याला गरज असेल त्यानं आपल्या नगरपालिकेतल्या समाजसेविकेला विचारावं, तिच्याकडे अशा सगळ्या संस्थांची यादी असते. येरुशलाईममध्ये हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करणारी कोलेल खबाद नावाची धर्मादाय संस्था आहे, ती 1788 पासूनची. मी लिहितेय ते मात्र मला आलेल्या अनुभवाविषयी, आमच्या लहान संस्थेविषयी.

ज्या वाचकांना आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मूळ कोकणातल्या ज्यू लोकांचं फारसं ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मुलगा हिब्रू पंचांगाप्रमाणे 13 वर्षं पुरा झाला की धर्माच्या हिशेबात मोठा होतो, मुलगी 12 व्या वर्षी. ह्यालाच मुलाचा बार मित्झवा, मुलीचा बात मित्झवा म्हणतात. तिथून पुढे आज्ञा पाळायची जबाबदारी त्याची स्वतःची. तो प्रार्थनेच्या वेळी तेफिलीन नावाच्या चामड्याच्या पेट्या बांधतो, त्याला आमचा धर्मग्रंथ तोरा वाचायला बोलावतात, आणि प्रार्थनेला जे दहा पुरुष लागतात त्यांत तो मोजला जातो. मुंजीत बटूला बाप मंत्र देतो ना, तसंच इथंही पावलोपावली बाप लागतो. तेफिलीन बांधायला बाप शिकवतो, सिनॅगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, शेजारी बाप उभा राहतो.

माझ्या नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा तेव्हा 10 वर्षांचा होता, धाकटी 7 ची. धाकटी त्याला दादा म्हणते म्हणून घरात सगळेच दादा म्हणतात, मीही इथं तेच लिहिते. वडील गेल्यावर दादानं अकरा महिने कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, म्हटलं. सकाळी शाळेआधी मी त्याला सिनॅगॉगच्या दारापर्यंत सोडत असे. त्या प्रार्थनेचं नावच कद्दिश यातोम, पोरक्याचं कद्दिश. हिब्रूत यातोम म्हणजे ज्याचा बाप किंवा आई गेली तो. दोघंही गेलेली असायला हवीत असं नाही. मराठीत त्याला अनाथ म्हटलं की मात्र अंगावर येतं. माझ्या सासूबाईंनी अर्जावरचा तो शब्द मला वाचायला लावला, अर्थ विचारला आणि म्हणाल्या, "अनाथ कशानं? आई बसलीय ना समोर, मी बसलेय." मग मी त्यांना पोरका म्हणून समजावलं, तेव्हा गप्प झाल्या. पुढे ह्या शब्दाचा पुन्हा विषय निघणार आहे.

संस्थेला पहिला फोन केला तेव्हा मला वाटलं होतं की आधी उत्पन्नाचे कागद मागतील. मागितले, पण नंतर. फोनवरच्या बाईंनी पहिल्यांदा चार प्रश्न विचारले. मुलाची हिब्रू जन्मतारीख काय? वडिलांचं हिब्रू नाव काय? मुलगा डावखुरा आहे का? आणि घरात वडिलांची तेफिलीन आहे का?

शेवटच्या दोन प्रश्नांनी माझा ह्या लोकांवर विश्वास बसला. कारण सांगते.

तेफिलीन म्हणजे चामड्याच्या दोन काळ्या पेट्या, एक दंडाला बांधायची, एक कपाळाच्या वर केसांत. आत चर्मपत्रावर तोरेतले चार उतारे हातानं लिहिलेले असतात. हाताच्या पेटीत चारही उतारे एकाच पत्रावर, डोक्याच्या पेटीत चार वेगळ्या कप्प्यांत चार पत्रं. उजवा माणूस डाव्या हाताला बांधतो, डावखुरा उजव्या हाताला, आणि त्यासाठी हाताच्या पेटीची गाठच वेगळी बसवावी लागते. दादा डावखुरा आहे. ओळखीतल्या एका घरी डावखुऱ्या मुलाला सरसकट सगळ्यांसारखी जोडी भेट मिळाली होती, आणि तो वर्षभर उलट्या गाठीशी झगडत होता. इथं नोंदणीच्या पहिल्या फोनला विचारलं.

आणि वडिलांची तेफिलीन. माणसाला त्याच्या ताल्लीतमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शालीत, गुंडाळून पुरतात, म्हणून नवऱ्याचं ताल्लीत त्याच्याबरोबर गेलं. तेफिलीन राहिली. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या शाआर हाशामाईममध्ये त्याचा बार मित्झवा झाला तेव्हाची ती जोडी, निळ्या मखमली पिशवीत, माझ्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेली. मी बाईंना म्हटलं, आहे, पण जुनी आहे, चालेल की नाही ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही काही ठरवू नका, आम्ही सोफेरला दाखवतो." सोफेर म्हणजे तोरा नि तेफिलीन लिहिणारा लेखनिक.

संस्थेकडे नव्या जोड्या घाऊक घेतलेल्या तयारच असतात. त्यांतली एक उचलून देणं त्यांना स्वस्तही पडलं असतं आणि सोपंही. त्यांनी ते केलं नाही. सोफेरनं दोन्ही पेट्या उघडल्या. डोक्याच्या पेटीतली चारही पत्रं शाबूत निघाली. हाताच्या पत्रावर मात्र दोन अक्षरांची शाई फुटून गेली होती. तेफिलीनमधली अक्षरं ओळीनं, एकामागून एक लिहावी लागतात; मधलं एखादं मागाहून दुरुस्त करता येत नाही, म्हणून ते पत्र बाद. त्यांनी हातासाठी नवं पत्र घातलं, गाठ डावखुऱ्याची बसवली, दोन्ही पेट्यांना नवे पट्टे लावले आणि डोक्याची पेटी होती तशी ठेवली. परत आली ती त्याच निळ्या पिशवीत. बाद झालेलं पत्र वेगळ्या पाकिटात घालून दिलं, विधिपूर्वक पुरण्यासाठी.

दादाच्या डोक्यावर बसते ती त्याच्या वडिलांची पेटी आहे. ह्यापुढचं संस्थेनं काहीही केलं नसतं तरी मी चार तारे दिलेच असते.

शिकवणी सहा महिने चालली. आठवड्यातून एकदा, मंगळवारी संध्याकाळी, बेअर शेवाहून एक तरुण मोरे म्हणजे शिक्षक यायचा. मोरोक्कोकडच्या घराण्यातला, येशिवात म्हणजे धार्मिक पाठशाळेत शिकणारा. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे दोघं. पहिले चार आठवडे त्यानं तोरेचं पुस्तक उघडलंच नाही. दादाकडून नुसती वडिलांची माहिती घेत राहिला: बाबा कुठं बसायचे, कुठल्या चालीत म्हणायचे, तुला त्यातलं काय आठवतं. दादाला शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाच्या, सकाळची एक चाल आठवत होती, तीही अर्धीच. मोरेनं ती ऐकली आणि म्हणाला, ही आमची नाही, ही मला शिकावी लागेल.

आमच्या दिमोनाच्या सिनॅगॉगमध्ये एक म्हातारे हज्जानकाका आहेत; हज्जान म्हणजे प्रार्थना चालीत म्हणणारा. मोरे त्यांच्याकडे दोन वेळा गेला आणि पूर्ण पाठ फोनवर ध्वनिमुद्रित करून आणला. आमच्या लोकांची चाल कोचीनच्या नि बगदादी ज्यूंकडून कोकणात आलेली, मोरोक्कोच्या चालीपासून बरीच निराळी. त्यानं आधी स्वतः पाठ केली, मग दादाला शिकवली. हज्जानकाका मला म्हणाले, "पोरगं मेहनती आहे गं, चुकलं की कान पकडतं." इतक्या वर्षांत मी इथं अनेकदा ऐकलंय की तुमची पद्धत बाजूला ठेवा, सगळे करतात तसं करा. ह्या मुलानं तसं म्हटलं नाही.

पट्टा गुंडाळतानाही तेच. अश्केनाझी, म्हणजे युरोपकडचे ज्यू, पट्टा आपल्याकडे, आतल्या बाजूला फिरवतात, सेफार्दी, म्हणजे स्पेन नि पूर्वेकडच्या रिवाजाचे, बाहेरच्या बाजूला. आम्ही सेफार्दी रिवाजाचे. मनगटापर्यंत सात वेढे. दादाला सुरुवातीला पट्टा सैल पडायचा. मोरे त्याच्या हाताला हात लावायचा नाही. स्वतःच्या हाताला बांधून दाखवायचा, मग सोडायचा, पुन्हा बांधायचा. एका मंगळवारी मी पोळ्या लाटत होते आणि मागं वळून पाहिलं तर दोघंही एकाच लयीत पट्टा फिरवत होते. मी पोळी तव्यावर तशीच विसरले.

संस्थेच्या समाजसेविकेनं आणखी एक काम केलं, ते सगळ्या बायकांनी लक्षात ठेवा. बितुआह लेउमी, म्हणजे इस्राएलच्या सरकारी समाजविमा खात्याकडून ज्या घराला मागं राहिलेल्यांचं निवृत्तिवेतन मिळतं, त्या घरातल्या मुलाला 13 व्या आणि मुलीला 12 व्या वर्षी एकरकमी अनुदान असतं. मला हे ठाऊकच नव्हतं. संस्थेनं सांगितलं, कागद बघून दिले, आणि त्या पैशातून दादाचे कपडे नि घरचं जेवण झालं. आपल्या हक्काचं आहे ते, विचारून घ्या.

आता मुख्य दिवस. ऑगस्टअखेरचा सोमवार. तोरा आठवड्यात सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला वाचतात; शब्बाथला प्रवास नाही, फोटो नाहीत, म्हणून कोतेलवर असे समारंभ सोमवार-गुरुवारी होतात. कोतेल म्हणजे येरुशलाईमच्या मंदिराच्या आवाराची पश्चिमेची भिंत. पहाटे चारला बस दिमोनाहून निघाली. बेअर शेवाला आणखी मुलं चढली. एकूण मुलगे 24, मुली 11, प्रत्येकाबरोबर घरची चार माणसं आणायची मुभा. माझा भाऊ, सासूबाई, धाकटी आणि मी. बसमध्ये कुणी कुणाला विचारलं नाही की तुझं काय झालं. काहींचे वडील आजारानं गेले होते, काहींचे अपघातात, दोन घरं 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यानंतरची होती. मुलांनी ते आपापसांत कधी बोलून घेतलं होतं कोण जाणे. मागच्या सीटवर नुसता फुटबॉलचा आरडाओरडा.

सोमवारी वाचनाला तीनच माणसांना बोलावतात. 24 मुलं एका पोथीपाशी उभी केली असती तर 21 जणांनी नुसतं बघितलं असतं. संस्थेनं आठ मेजं मांडली, आठ सेफर तोरा म्हणजे तोरेच्या हातानं लिहिलेल्या पोथ्या, प्रत्येक मेजाशी तीन मुलं आणि दहा-बारा मोठे पुरुष. त्यामुळे प्रत्येक मुलाला स्वतःचं बोलावणं, स्वतःचं वाचन. सेफार्दी मुलांना आमच्यासारखी उभ्या लाकडी पेटीतली पोथी दिली होती. दादानं ती लहानपणापासून तशीच पाहिलीय, आडवी ठेवलेली पोथी त्याला परकी वाटली असती.

कोतेलवर पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये आडोसा. बायकांच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चढून आडोशावरून पाहायचं. संस्थेच्या दोन स्वयंसेविका पहाटे पाचपासून आडोशालगत खुर्च्या धरून बसल्या होत्या आणि मेजंही शक्य तितकी आडोशाजवळ लावली होती. दादाचं मेज तिसरं, माझ्यापासून सहा-सात पावलांवर. सासूबाईंना खुर्चीवर चढता येईना, दोघींनी धरून चढवलं.

आणि मग पुकारलं. तोरेला बोलावताना मुलाचं नाव घेतात, मग बेन, मग वडिलांचं नाव. दादाचं नाव, बेन, माझ्या नवऱ्याचं नाव. गेल्या तीन वर्षांत ते नाव मी फक्त कागदांवर पाहिलं होतं, दाखल्यांवर, अर्जांवर, दगडावर. इथं ते मोठ्यानं, माणसांत, आनंदाच्या कामासाठी घेतलं गेलं. आणि अगदी बरोबर उच्चारलं. पहिल्या फोनवर बाईंनी ते माझ्याकडून दोनदा का म्हणवून घेतलं होतं ते तेव्हा कळलं.

त्या आठवड्याचा पाठ रेए, म्हणजे "पाहा". तिसऱ्या माणसाच्या वाट्याला येणाऱ्या भागात असं आहे की तिथं आपल्या देवासमोर जेवा, आणि तुम्ही नि तुमच्या घरची माणसं आनंद करा. ह्याच पाठात पुढे सणाची आज्ञा आहे: सण करशील तेव्हा तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, मंदिराची सेवा करणारा लेवी, परका, पोरका आणि विधवा, सगळ्यांनी आनंद करायचा. मोरेनं दादाला हे शिकवताना सांगितलं होतं, बघ, इथं पोरक्याला दान द्या असं लिहिलेलं नाही, त्याला सणात घ्या असं लिहिलंय. दादानं मला येऊन सांगितलं तेव्हा मी त्याला पुन्हा सांगायला लावलं.

वाचन झालं की मुलाचा बाप एक छोटा आशीर्वाद म्हणतो, की आजपासून ह्याच्या वागण्याचा भार माझ्यावरून उतरला. हा क्षण येणार म्हणून मी महिनाभर धास्तावले होते. दादाच्या वर्गातल्या मुलांच्या बार मित्झवाला मी गेलेय, तिथं बाप ते म्हणतो, लोक हसतात, टाळ्या वाजवतात. इथं आठही मेजांवर ते कुणीच म्हटलं नाही. वाचन संपलं आणि सरळ गाणं सुरू झालं, मिठाईच्या गोळ्या उडाल्या. चोवीसच्या चोवीस मुलांचं सारखंच. एकटं आपल्याच मुलाचं काही राहून गेलंय असं एकालाही वाटलं नसणार. सामूहिक नको, आपण घरचंच करू, असा माझा आधी हट्ट होता. तो तिथं गळाला.

आता तो अर्धा तारा.

आठ मेजं एकाच वेळी नको होती. शेजारच्या मेजावरचा आवाज, त्यात दुसऱ्या कुटुंबांचे ढोल, आणि सहा पावलांवरून मला दादाच्या वाचनातले निम्मे शब्द ऐकू आले. भावानं सांगितलं की एकदाही चुकला नाही. मला ते स्वतः ऐकायचं होतं. चार-चार मेजांच्या दोन पाळ्या केल्या तर अर्धा तास जास्त लागेल, एवढंच.

दुपारी हॉलमध्ये जेवण होतं. जेवण साधं, पोटभर. पण व्यासपीठामागं मोठा फलक, आणि त्यावर हाइतोमिम, पोरकी मुलं, हा शब्द नावाच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत. सकाळभर ही मुलं बार मित्झवाची मुलं होती. हॉलमध्ये शिरल्याबरोबर ती पुन्हा यातोम झाली. दादानं फलकाकडे पाठ करून खुर्ची फिरवली. एका देणगीदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला, विचारलं नाही. माणूस चांगल्या मनाचा होता, डोळे भरले होते त्याचे. तरी विचारायला हवं होतं. मी आठवड्यानं संस्थेला पत्र लिहिलं. दोन दिवसांत फोन आला: फलक बदलतो, पुढच्या वेळी फक्त बार मित्झवा आणि बात मित्झवा असं लिहू, फोटोसाठी आईची नि मुलाची दोघांची परवानगी घेऊ. सबब सांगितली नाही. म्हणून पूर्ण तारा कापला नाही, अर्धाच.

मुलींची बाजू मात्र मला खरोखर टोचली. 11 मुलींना शब्बाथच्या मेणबत्त्यांसाठी सुंदर जोड दिले, गाणी झाली, पीठ मळून शब्बाथचा हल्ला नावाचा पाव केला. पण त्यांची तयारी दोन भेटींत उरकली होती. माझ्या मुलाला सहा महिने दर मंगळवारी एक माणूस मिळाला. बाप गेलेल्या मुलीला त्या मंगळवारांची गरज कमी असते का? उलट 12 वर्षांची मुलगी आईपुढे बोलत नाही, आईला त्रास होईल म्हणून. माझ्या धाकटीचं मला दिसतं ना.

घरी आल्यावर पुढच्या शनिवारी, शब्बाथ संपल्यावर, आम्ही मलिदा केला. ही सोय कुठलीही संस्था करत नाही, ती आपली आपणच करायची. भिजवलेले गोड पोहे, खवलेला नारळ, वेलची, सुका मेवा, वर पाच फळं, आणि एलियाहू हनबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं नाव. सासूबाईंनी अलिबागजवळच्या खंडाळ्याला बोललेला नवस होता, नातू तोरेला उभा राहिला की मलिदा करीन. मोरेला बोलावलं होतं. तो बेअर शेवाहून आला, हज्जानकाकांच्या शेजारी बसला, प्रत्येक फळाचा आशीर्वाद लक्ष देऊन ऐकला, आणि जाताना पोह्यांचा डबा आईसाठी मागून घेऊन गेला.

कामाची माहिती थोडक्यात: नोंदणी मुलाच्या 12 व्या वाढदिवसाच्या सुमारास करा, उशिरा केलीत तर शिकवणीचे महिने कमी पडतात. मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती लागतात, तीन वेगवेगळ्या वेळी मागतात. एकदम देऊन टाका, म्हणजे पुन्हापुन्हा तो कागद काढावा लागणार नाही. घरात जुनी तेफिलीन असेल तर आधी सांगा आणि सोफेरला दाखवल्याशिवाय बाजूला टाकू नका. आपल्या लोकांनी बेने इस्राएल आहोत, सेफार्दी रिवाजाचे आहोत, हे पहिल्याच फोनला सांगावं. खर्च आमच्याकडून एक शेकेलही घेतला नाही.

धाकटी सध्या 10 ची आहे. तिचा अर्ज आत्ताच भरून ठेवला. इतर मागण्या म्हणून एक रिकामी चौकट असते, तिच्यात लिहिलं: मुलींसाठीही आठवड्यातून एकदा शिकवायला बाई हव्यात, सहा महिने. खाली माझ्या सहीशेजारी धाकटीनंही सही केली, हिब्रूत आणि मराठीत.